वळणावर होणारे आवाज : कारणे आणि निदान

सरळ रस्त्याने निमूटपणे धावणारी मोटारगाडी वळण घेताना कधी कधी आवाज करू लागते. स्टिअरिंग फिरविले की पुढच्या भागातून ‘टक्‌ टक्‌’ ऐकू येते, किंवा कोणी कण्हत असल्यासारखा सूर निघतो. स्टिअरिंग सरळ झाले की तो नाहीसाही होतो. अशा वेळी गाडीचे मालक बहुधा दोनपैकी एक मार्ग धरतात. आवाज फारसा मोठा नाही म्हणून काहीजण तिकडे दुर्लक्ष करतात. काहीजण गाडी कारागिराच्या स्वाधीन करून ‘पुढे काहीतरी वाजते आहे’ एवढेच सांगतात. मग कारागीर अंदाजाने एकेक भाग बदलत जातो आणि खर्च वाढत असूनही आवाज कायम राहतो. थोडा विचार आणि काही सोप्या चाचण्या यांच्या साहाय्याने हे दोन्ही प्रकार टाळता येतात.

प्रारंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आवाज किती मोठा आहे यावरून धोका किती मोठा आहे हे ठरत नाही. सैल पडलेला पट्टा साऱ्या गल्लीला ऐकू जाईल इतका किंचाळतो, पण त्यामुळे बहुधा स्टिअरिंग जड होण्यापलीकडे तात्काळ काही बिघडत नाही. उलट झिजलेला एखादा सांधा खड्ड्यातून जाताना हलकेच ‘खट्‌’ म्हणतो, आणि तोच सांधा एखाद्या दिवशी सुटून पुढचे चाक आडवे पाडू शकतो. तेव्हा आवाजाच्या मोठेपणाकडे न पाहता तो कोणत्या परिस्थितीत उत्पन्न होतो, याकडे लक्ष दिले पाहिजे.

वळताना काय बदलते?

स्टिअरिंग फिरविल्याने गाडीत चार गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे एरवी जवळजवळ स्थिर असलेले स्टिअरिंगचे भाग हलू लागतात. स्टिअरिंगचा दांडा एक छोटे दंतचक्र फिरवितो; ते रॅक नावाच्या दातेरी पट्टीला डावीकडे किंवा उजवीकडे सरकविते; पट्टीच्या दोन्ही टोकांना जोडलेले टाय रॉड चाकांना वळवितात. टाय रॉडच्या टोकाशी आणि चाकाच्या आधाराशी बॉल जॉइंट असतात. वाटीत बसविलेला पोलादी गोळा, अशी त्यांची साधी रचना असते.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडीचा भार वळणाच्या बाहेरील बाजूकडे झुकतो. गाडी डावीकडे वळली की उजव्या चाकांवर अधिक वजन येते. तिसरी गोष्ट, इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळत असेल तर ती पोचविणारे दांडे आता कोनात फिरू लागतात. चौथी गोष्ट अशी की टायर जमिनीवर आडवा घासतो आणि मडगार्डच्या आतील अस्तराच्या जवळ जातो.

या घासण्यामागे एक जुना प्रश्न आहे. वळणाच्या आतील चाकाला लहान वर्तुळातून जावे लागते, म्हणून ते बाहेरील चाकापेक्षा अधिक वळले पाहिजे. घोडागाड्यांच्या काळात म्युनिक येथील गेओर्ग लांकेन्श्पेर्गर याने १८१७ मध्ये यासाठी एक रचना शोधली आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमान याने लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. मोटारीतही हेच तत्त्व वापरतात, परंतु ते प्रत्येक कोनात तंतोतंत पाळले जात नाही. म्हणून तळघरातील वाहनतळाच्या गुळगुळीत, रंगविलेल्या जमिनीवर गाडी पूर्ण वळविली असता टायर किंचाळतात. हा आवाज स्वाभाविक आहे. डांबरी रस्त्यावर तो थांबत असेल तर चिंतेचे कारण नाही.

गाडीची रचना जाणून घ्यावी

निदान करण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे माहीत असावीत. इंजिनाची शक्ती कोणत्या चाकांना मिळते, हा पहिला प्रश्न. २०१४ पर्यंत तयार होणारी ॲम्बॅसडर किंवा तिच्या जोडीने आपल्या रस्त्यांवर दिसणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांची मागील चाके इंजिनाच्या शक्तीने फिरत. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये ही शक्ती पुढच्या चाकांना दिलेली होती, आणि पुढे बहुतेक लहान गाड्यांनी हीच रचना स्वीकारली. अशा गाडीत पुढच्या चाकांना एकाच वेळी वळावेही लागते आणि गाडीला ओढावेही लागते. त्यासाठी दांड्याच्या बाहेरील टोकाशी एक विशेष सांधा असतो, त्याला सी. व्ही. जॉइंट म्हणतात. वाटीच्या खाचांतून फिरणाऱ्या सहा पोलादी गोळ्यांचा हा सांधा १९२० नंतरच्या दशकात आल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्याने विकसित केला. दांडा मोठ्या कोनात असतानाही तो चाकाला एकसारखी गती देतो.

दुसरा प्रश्न स्टिअरिंगला मिळणाऱ्या साहाय्याचा. ते साधे आहे, तेलाच्या दाबावर चालणारे आहे की विजेच्या मोटारीवर? तेलाच्या दाबाचे पॉवर स्टिअरिंग विक्रीच्या प्रवासी गाडीत प्रथम १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीने दिले. त्यात इंजिनाकडून पट्ट्याने चालणारा पंप असतो. आताच्या बहुतेक लहान गाड्यांत विजेची मोटार असते. तिथे पंप नाही, तेल नाही आणि त्यासाठी वेगळा पट्टाही नाही. ज्या गाडीत जो भागच नाही, त्या भागाला दोष देऊन तो बदलण्याची सूचना कोणी केल्यास ती मानण्याचे कारण उरत नाही.

चार परिस्थितींची चाचणी

निदानाचे सूत्र असे की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मोकळ्या, सपाट जागी पुढील चार परिस्थितींत कान देऊन ऐकावे.

१. गाडी उभी, इंजिन बंद. स्टिअरिंगचे कुलूप उघडेल एवढीच किल्ली फिरवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना थोडे हलवावे. आता आवाज आला तर तो दांडा, सांधे किंवा स्प्रिंगचा वरचा आधार यांतून येतो.

२. गाडी उभी, इंजिन सुरू. आधी नसलेला आवाज आता आला तर पॉवर स्टिअरिंगची यंत्रणा, किंवा स्टिअरिंग पूर्ण फिरविता आल्याने हललेले सांधे, यांचा विचार करावा.

३. अगदी सावकाश, स्टिअरिंग पूर्ण वळवून गोलाकार चालविणे. प्रथम डावीकडे, मग उजवीकडे. सी. व्ही. जॉइंट आणि टायरचे घासणे येथे उघड होते.

४. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगात सौम्य वळण. चाकाच्या बेअरिंगचा दोष येथे कळतो.

आवाजांची ओळख

ठरावीक तालाची ‘टक्‌ टक्‌’. पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत पूर्ण वळणावर वेग देताच हा आवाज येत असेल आणि वेगाबरोबर त्याचा ताल वाढत असेल, तर बाहेरील सी. व्ही. जॉइंट झिजलेला असण्याचा संभव मोठा आहे. ताल चाकाशी जुळतो की नाही हे पडताळून पाहता येते. लहान गाडीच्या चाकाचा परीघ सुमारे १.६ मीटर धरला, तर ताशी १० किलोमीटर वेगात चाक सेकंदाला सुमारे पावणेदोन फेऱ्या करते. आवाज वेगाशी असा बांधलेला नसेल तर दोष अन्यत्र शोधावा. हा सांधा बहुधा स्वतःहून बिघडत नाही. त्यावरील घडीदार रबरी आवरण प्रथम फाटते, ग्रीस बाहेर फेकले जाते, आणि धूळ व पाणी आत शिरून गोळे आणि खाचा खरवडल्या जातात. कोणत्या बाजूचा सांधा बिघडला हे केवळ वळणाच्या दिशेवरून ठरवू नये. दोन्ही आवरणे पाहावीत. चाकाच्या आतील बाजूस उडालेले काळे ग्रीस दोषी बाजू दाखविते. आवरण फाटले आहे पण आवाज अजून सुरू झालेला नाही, अशा वेळी सांधा साफ करून नवे ग्रीस व नवे आवरण घातल्यास तो बहुधा वाचतो. आवाज सुरू झाल्यावर सांधा बदलणे हाच उपाय उरतो.

चाकाचे नट सैल असले तरीही सावकाश चालताना ‘टक्‌ टक्‌’ होते. म्हणून चाक नुकतेच काढून बसविले असेल तर सर्वांत आधी पान्ह्याने नट तपासावेत. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण ते न केल्यास चाक निखळू शकते.

घुमणारा किंवा गुरगुरणारा सूर. वेगाबरोबर वाढणारा आणि सौम्य वळणावर बदलणारा हा सूर चाकाच्या बेअरिंगचा असतो. डावीकडे वळताना तो वाढत असेल तर भार आलेल्या उजव्या बाजूच्या बेअरिंगचा संशय घ्यावा; उजवीकडे वळताना वाढत असेल तर डाव्या. असमान झिजलेला टायरही असाच घुमतो, म्हणून टायरवरून हात फिरवून पाहावा.

कण्हणे आणि किंचाळणे. तेलाच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरविले की दाब कमी करणारी झडप उघडते आणि थोडा वेळ सूर येतो. तो स्वाभाविक आहे. मात्र स्टिअरिंग त्या टोकाला काही सेकंदांहून अधिक दाबून धरू नये, कारण तेल तापते आणि पंपावर ताण पडतो. थोडे फिरवितानाही कण्हणे ऐकू येत असेल तर तेलाची पातळी पाहावी. तेलात फेस दिसल्यास हवा शिरली आहे असे समजावे. पातळी कमी असल्यास तेल भरून भागत नाही, गळतीही शोधावी लागते. तीव्र किंचाळी पट्टा घसरत असल्याची खूण होय. विजेच्या स्टिअरिंगमध्ये मोटारीचा मंद गुंजारव नेहमीचाच असतो.

करकर आणि ‘टण्‌’. गाडी उभी असतानाही करकर होत असेल तर बॉल जॉइंटमधील वंगण आटले असण्याचा संभव असतो. स्टिअरिंग फिरविताना स्प्रिंग पिळली जाऊन सुटल्यासारखे ‘टण्‌’ ऐकू आले, तर स्प्रिंगच्या वरच्या आधारातील बेअरिंग अडकत असते. दुसऱ्या व्यक्तीला इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग हलविण्यास सांगावे आणि बॉनेट उघडून त्या आधाराच्या माथ्यावर तळहात ठेवावा; धक्का हाताला जाणवतो. स्प्रिंगच्या वेढ्यांत मात्र बोटे घालू नयेत.

खरखर आणि सरसर. आवाज समोर न येता हातापाशीच येत असेल तर स्टिअरिंगच्या दांड्यावरील आवरण किंवा आतील वळणारी विजेची पट्टी घासत असते. ही पट्टी एअरबॅगला जोडलेली असते, आणि १ जुलै २०१९ पासून भारतात तयार होणाऱ्या प्रवासी गाड्यांत चालकासाठी एअरबॅग अनिवार्य आहे. म्हणून हा भाग घरी कधीही उघडू नये.

‘खट्‌’. वळताना, विशेषतः वळणावरच्या खड्ड्यात किंवा गतिरोधकावर, एखादा कोरडा ठोका बसत असेल तर टाय रॉडचे टोक, बॉल जॉइंट किंवा रॅक सैल झालेली असू शकते. या प्रकरणातील सर्वांत गंभीर आवाज हाच होय.

हाताने करावयाची तपासणी

‘खट्‌’ असा आवाज येत असेल तर गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक लावावा आणि मागील चाकांना ठोकळे लावावेत. मग पुढचे एक चाक जॅकने उचलावे आणि गाडी मजबूत आधारावर टेकवावी. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

चाक घड्याळाची तबकडी आहे असे समजून बारा आणि सहा या जागी दोन्ही हातांनी धरावे आणि आत-बाहेर हलवावे. सैलपणा जाणवल्यास दुसऱ्या व्यक्तीला ब्रेक दाबण्यास सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर सैलपणा गेला तर तो बेअरिंगचा होता. तरीही राहिला तर बॉल जॉइंटकडे बोट जाते. त्यानंतर नऊ आणि तीन या जागी धरून हलवावे. केवळ याच दिशेने चाक सैल लागले तर टाय रॉडचा संशय घ्यावा. हे भाग बदलल्यावर चाकांची अलाइनमेंट करून घेणे आवश्यक असते. अन्यथा नवे टायरही एका बाजूने झिजतात.

कारागिराला काय सांगावे?

चाचण्यांचा उपयोग स्वतः दुरुस्ती करण्यासाठीच असतो असे नाही. ‘पुढे वाजते’ या दोन शब्दांऐवजी ‘पूर्ण उजवीकडे वळवून वेग दिला की डाव्या बाजूने टक्‌ टक्‌ येते, ताल वेगाबरोबर वाढतो, गाडी उभी असताना काही नाही’ असे सांगणाऱ्या मालकाच्या गाडीचे निदान लवकर होते आणि अनावश्यक भाग बदलले जात नाहीत. जुना भाग परत मागून घ्यावा आणि त्यातील झीज स्वतः पाहावी, हेही इष्ट.

कोणत्या आवाजाला किती अवधी द्यावा, हे शेवटी ठरवावे लागते. गुळगुळीत जमिनीवरील टायरचा आवाज सोडून द्यावा. पट्टा, तेल, करकरणारा आधार आणि टकटकणारा सी. व्ही. जॉइंट यांसाठी काही दिवसांत गॅरेजची वेळ ठरवावी. बेअरिंगचा घुमणारा सूर आल्यावर लांबचा प्रवास काढू नये. परंतु नट सैल असणे, ‘खट्‌’ या आवाजासोबत चाकात सैलपणा आढळणे, किंवा स्टिअरिंग मधेच अडकणे, यांपैकी काहीही आढळल्यास गाडी तेथेच उभी करावी आणि कारागिराला गाडीपाशी बोलवावे. आवाज लहान आहे आणि गॅरेज जवळ आहे, हे अशा वेळी गाडी चालविण्याचे कारण होऊ शकत नाही.