गोळी तीच, मग दुखणं का वाढलं?

प्रश्न : माझ्या वडिलांचं वय ७१. कर्करोग हाडांत पसरला आहे. मॉर्फिनच्या गोळ्यांनी दोन महिने त्यांना शांत झोप लागत होती. आठवड्याभरापासून तेवढा डोस पुरत नाही. नातेवाईक म्हणतात, ‘व्यसन लागलंय.’ हे खरं आहे का?

उत्तर : दुखतंय म्हणून जास्त औषध मागणं म्हणजे व्यसन नव्हे. दुखणं नसतानाही औषधाची ओढ लागणं, त्यापायी बाकी सगळं सोडून देणं याला व्यसन म्हणतात. वडिलांच्या बाबतीत तसं काही दिसत नाही. डोस अपुरा पडण्याची कारणं वेगळी असू शकतात. आजार वाढला असेल, शरीराला औषधाची सवय झाली असेल किंवा कुठेतरी नवी सूज वा जंतुसंसर्ग असेल. या शेवटच्या कारणाकडे घरच्यांचं लक्ष सहसा जात नाही.

संसर्गानं दुखणं कसं वाढतं, हे चिकुनगुनिया झालेल्या माणसाला विचारा. सांधे असे धरतात की चहाचा कपही उचलवत नाही. जंतूंशी लढताना आपल्या रोगप्रतिकारक पेशी रसायनांतून एकमेकींना निरोप धाडतात. या रसायनांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ ही त्यांतली प्रमुख. हे निरोप मज्जातंतूंनाही पोहोचतात आणि तंतू हळवे होतात. भाजलेल्या हाताला कोमट पाणीही झोंबतं, तसंच हे. मज्जारज्जूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. त्या चेतल्या की तिथेही हीच रसायनं सुटतात आणि मेंदूकडे जाणारी कळ आणखी तीव्र होते.

मॉर्फिन मज्जापेशींवरच्या ‘म्यू’ रिसेप्टरला चिकटून ही कळ दाबतं. पण त्याच पेशीवर केमोकाइन नावाच्या निरोप्यांचे रिसेप्टरही असतात. ते जोरात कामाला लागले की म्यू रिसेप्टर मंदावतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणजे गोळी पोटात जाते, रक्तात उतरते, तरी उतारा कमी पडतो.

खुद्द मॉर्फिनही मायक्रोग्लियांना डिवचू शकतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मज्जातंतूला इजा झालेल्या उंदरांना फक्त पाच दिवस मॉर्फिन दिलं, तर त्यांचं दुखणं कित्येक आठवडे लांबलं. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावायचा नसतो. तरीही दीर्घकाळ किंवा मोठ्या डोसनंतर काही रुग्णांत दुखणं उलट वाढतं, हे डॉक्टरांनी पाहिलेलं आहे. अशा वेळी वेदना मूळ जागेबाहेर पसरते आणि नुसती चादर लागली तरी दुखतं. तिथे डोस वाढवून भागत नाही. तो कमी करावा लागतो किंवा औषध बदलावं लागतं.

प्रतिकारशक्तीला सरसकट दोष मात्र देऊ नका. सुजेच्या जागी जमलेल्या याच पेशी एंडॉर्फिन, म्हणजे शरीराचं स्वतःचं वेदनाशामकही सोडतात. कळ वाढवणारी आणि शमवणारी अशी दोन्ही कामं त्या करतात.

आता तुम्ही काय कराल?

१. डोस आपल्या मनानं वाढवू नका आणि गोळी एकदम बंदही करू नका. अचानक बंद केल्यास घाम, जुलाब, अस्वस्थता असा त्रास होतो.

२. वही ठेवा. कुठे दुखतं, ठणका आहे की चमक, किती वाजता, गोळीनंतर किती वेळ बरं वाटतं, हे लिहा. ताप, खोकला, लघवीची जळजळ, दाढदुखी, पाठीवरची जखम यांचीही नोंद करा. संसर्ग आटोक्यात आला की पुष्कळदा आधीचाच डोस पुन्हा पुरतो.

३. सुजेवरच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका. या वयात त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधू शकतात. मूत्रपिंड मंदावलं की मॉर्फिनचे घटक शरीरात साचतात. खूप गुंगी आली, अंगाला झटके आले किंवा श्वास संथ झाला तर लगेच दवाखाना गाठा.

४. मॉर्फिनबरोबर दारू नको, डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेच्या गोळ्याही नकोत. बद्धकोष्ठतेचं औषध मात्र रोज चालू ठेवा.

५. पुढे फेंटानिलची पट्टी दिली गेली, तर तिच्यावर शेक घेऊ नका. उष्णतेनं आणि तापानंही औषध जास्त वेगानं अंगात उतरतं.

दोन प्रसंगी मात्र एक दिवसही थांबू नका. केमोथेरपी चालू असताना १००.४ अंश किंवा त्याहून जास्त ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. पाठीत नवी कळ येऊन पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तिथे तासांना किंमत असते.

मॉर्फिनला घाबरून वडिलांना वेदनेत ठेवू नका. २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना हे औषध ठेवणं सोपं झालं. उद्या सकाळी वही घेऊन डॉक्टरांकडे जा. नातेवाइकांनाही एवढंच सांगा, बाबा औषध मागत नाहीत, आराम मागताहेत.