नुसतं मोजायचा पगार?

प्रश्न : मुलगा शिरवळला एका कंपनीत क्वालिटीला लागलाय. माल बनवत नाही, दिवसभर मोजतो म्हणे. बनवणाऱ्याला हात आहेत, मग मोजणारा वेगळा कशाला?
– एक वाचक, किकवी (ता. भोर)

उत्तर : समजा, लाईनवर 20 मिलिमीटर भोकाचे बुश बनतायत. ते तपासायला दोन टोकांचा प्लग गेज असतो. ‘गो’चं टोक भोकात सहज गेलं पाहिजे, ‘नो-गो’चं जाता कामा नये. पास की रिजेक्ट, तिथल्या तिथे कळतं. पण ही झाली तपासणी. डेअरीवर दुधाचं फॅट लावतात तशीच. आकडा कमी आला म्हणून कॅनमधलं दूध सुधारत नाही, बघायला गोठ्यातच जावं लागतं.

क्वालिटी कंट्रोलचं खरं काम त्या गोठ्यातलं. दर तासाला पाच बुश उचलायचे, भोक बोअर गेजने मोजायचं, सरासरी तक्त्यावर मांडायची. थोडं वरखाली होणारच, त्यासाठी मशीनला हात लावायचा नाही. उगाच सेटिंग चाळवणारे हौशी ऑपरेटर माल जास्त बिघडवतात! पण ठिपके एकामागून एक खालीच सरकायला लागले, की समजायचं, टूल झिजतंय, भोक लहान होत चाललंय. अजून एकही बुश रिजेक्ट नाही, तरी टूल बदलायची वेळ आली.

हा तक्ता वॉल्टर श्यूहार्ट यांनी मे 1924मध्ये अमेरिकेत, टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत असताना सुचवला. ठिपके किती वरखाली चालतील, याच्या तक्त्यावर आखलेल्या मर्यादा ड्रॉईंगवरून घेत नाहीत, त्या मशीनच्याच मोजमापांतून काढतात. ही गोष्ट आजही पुष्कळ कारखान्यांत गफलतीची. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमुळे 1947-48 साली श्यूहार्ट भारतातही येऊन गेले.

आता तुमचा मुद्दा. ऑपरेटरने स्वतः मोजलं तर उत्तमच, चांगल्या कंपन्यांत तो मोजतोही. पण त्याच्या डोक्यावर शिफ्टचं टार्गेट असतं. माल पास होतोय तोवर मशीन थांबवायला त्याचं मन धजत नाही, सुपरवायझरही खेकसतो. म्हणून टार्गेट नसलेला माणूस लागतो.

मुलगा घरी आला की एवढंच विचारा : सगळा माल पास होत असताना, नुसता तक्ता बघून मशीन बंद करायला लावायचा अधिकार तुला आहे का? नसेल, तर कंपनीने त्याला माल निवडायलाच ठेवलंय.