संतुलित आहार : निरामय दीर्घायुष्याचा पाया

देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० वर्षांच्या आसपास आहे. लसीकरण, प्रतिजैविके व सुरक्षित प्रसूती यांमुळे आयुष्याची वर्षे वाढली. मात्र ही वाढलेली वर्षे हिंडण्याफिरण्यात जातील की अंथरुणावर, याचा निर्णय पुष्कळ अंशी आपल्या स्वयंपाकघरात होत असतो. दात्यांच्या साहाय्याने रुग्णाची शस्त्रक्रिया एकदा होते. ताट मात्र वर्षातून हजार वेळा वाढले जाते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये, देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहारामुळे असल्याचा अंदाज दिला आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार हे त्यांतील प्रमुख आजार होत.

संतुलित आहार म्हणजे महागडा आहार, असा एक गैरसमज आहे. रावेर परिसरातील कळण्याची भाकरीच पाहावी. ज्वारी आणि सालासह उडीद एकत्र दळून ती केली जाते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने व तितकेच तंतू असतात. उडदात प्रथिने त्याच्या दुपटीहून अधिक. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी पडतो, तो उडदात विपुल असतो. उडदात मिथिओनिन कमी असते, ती उणीव ज्वारी भरून काढते. तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते. जोडीला वांग्याचे भरीत, कांद्याची पात व वाटीभर दही असले म्हणजे हे ताट पौष्टिकतेत कोठेही उणे नाही.

मग बिघडले कोठे? प्रमाणात. शेतातील अंगमेहनत कमी झाली. पण शेवभाजीवरील तेलाचा तवंग तसाच राहिला, आणि लोणचे, पापड, शेव यांतून मीठ वाढत गेले. २००० उष्मांकांची गरज असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी उपरोक्त संस्थेने सुचविलेले दिवसाचे प्रमाण (कच्च्या वजनाने) असे आहे :

• धान्ये – २५० ग्रॅम
• भाज्या – ४०० ग्रॅम
• डाळी, कडधान्ये (अथवा अंडी, मांस) – ८५ ग्रॅम
• फळे – १०० ग्रॅम
• दूध वा दही – ३०० मिलिलिटर
• शेंगदाणे, तीळ आदी तेलबिया व सुकामेवा – ३५ ग्रॅम
• तेल-तूप – २७ ग्रॅम, म्हणजे पाच ते सहा लहान चमचे

यात भाज्यांचे वजन धान्यापेक्षा अधिक आहे, ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. आपल्या बहुतेक घरांत नेमके उलट घडते. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभर पुरे; त्यात लोणच्या-पापडातील मीठही मोजावे.

ज्या केळीने रावेर तालुक्याला ओळख दिली, तिच्याविषयीही दोन शब्द. मध्यम आकाराच्या एका केळ्यातून सुमारे ३०० ते ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळते व ते रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास साहाय्य करते. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णांच्या शरीरात पोटॅशियम साचून हृदयाच्या ठोक्यांना धोका संभवतो. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय केळी खाऊ नयेत. मधुमेही व्यक्तींनीही किती व केव्हा खावे, हे विचारून घ्यावे.

वृद्धांच्या बाबतीत वेगळीच चूक होते. दात नाहीत, भूक नाही, म्हणून त्यांना चहा-बिस्किटांवर वा नुसत्या भातावर ठेवले जाते. प्रथिने कमी पडली की स्नायू झिजतात, तोल जातो, आणि एका पडण्याने चालते माणूस परावलंबी होते. त्यांना मऊ खिचडी, घट्ट वरण, दही, ताकात कुस्करलेली भाकरी अवश्य द्यावी.

रुग्णांच्या आप्तांना शेवटी एकच विनंती. घरी गेल्यावर रुग्णासाठी वेगळा, बेचव स्वयंपाक करू नये. पंक्तीत एकट्याच्याच ताटात पथ्य वाढले, तर ते महिनाभरही टिकत नाही. कमी तेल, कमी मीठ व अधिक भाजी हे सर्वांच्याच ताटात आले, तर रुग्णाचे पथ्य सहज पाळले जाईल आणि घरातील पुढच्या पिढीचे आजारपणही लांबेल. आपणा सर्वांना निरामय दीर्घायुष्य लाभो, ही सदिच्छा.