राखून ठेवलेले बियाणे

शेतकरी कितीही अडचणीत असला, तरी पेरणीसाठी राखलेल्या बियाण्याला तो हात लावत नाही. आज घरात धान्य कमी पडले तरी चालेल, पण उद्या शेत रिकामे राहता कामा नये, हे तो जाणतो. समुद्रातील एका लहानशा किड्याच्या शरीरातही अशीच व्यवस्था आहे.

या किड्याचे शास्त्रीय नाव प्लॅटिनेरिस डुमेरिली. तो गांडुळाचा दूरचा नातेवाईक आहे. इटलीतील नेपल्स शहराजवळच्या समुद्रात तो आढळतो. त्याचे शरीर अनेक खंडांचे असते. शेपटीच्या टोकाजवळ मूलपेशी असतात. त्यांचे विभाजन होते आणि शरीराला एकामागून एक नवे खंड जोडले जातात. शेपूट तुटली, तर तीही पुन्हा वाढते.

मग बियाणे कोठे असते? हा जीव अवघ्या तीन खंडांची अळी असतो, तेव्हाच त्याच्या शरीरात चार पेशी बाजूला काढलेल्या असतात. इतर पेशींपासून स्नायू, डोळे, आतडे बनते. या चार पेशी मात्र स्वस्थ बसून राहतात. पुढे त्यांच्यापासूनच अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होतात.

प्रत्येक पेशीत जनुके असतात. पण सगळी जनुके सगळीकडे जागी नसतात. या चार पेशींत वासा, नॅनोस आणि पिवी ही जनुके जागी असतात. वासा हे नाव स्वीडनच्या एका राजघराण्याचे आहे. त्या घराण्याचा वंश खुंटला. फळमाशीत हे जनुक बिघडले, तर तिचाही वंश पुढे चालत नाही.

नवलाची गोष्ट अशी, की हीच जनुके शेपटीजवळच्या मूलपेशींतही जागी असतात. शास्त्रज्ञांनी पेशींचे मूळ शोधले, तेव्हा त्यांतील काही मूलपेशी आणि त्या चार पेशी एकाच पेशीपासून निघालेल्या दिसल्या. जणू दोन सख्ख्या बहिणी! एक रोजचा संसार चालवते, दुसरी बियाणे सांभाळते.

किड्याच्या मेंदूतून एक संप्रेरक स्रवते. ते मिथाइल फार्नेसोएट आहे, हे 2016 साली समजले. ते भरपूर असते, तोवर किडा खातो, वाढतो, तुटलेली शेपूट भरून काढतो. ते कमी झाले, की सारे पालटते. जननपेशी पक्व होतात, डोळे मोठे होतात, आतडे निकामी होते. आता शेपूट तुटली, तर ती पुन्हा येत नाही. एका रात्री नर-मादी पाण्याच्या पृष्ठभागावर येतात, गोल गोल पोहतात, अंडी व शुक्रपेशी पाण्यात सोडतात आणि मरून जातात.

किडा संपतो, बियाणे मात्र पेरले जाते. पाण्यात नव्या अळ्या जन्म घेतात आणि त्यांच्याही शरीरात चार पेशी बाजूला काढलेल्या असतात.

शब्दार्थ
मूलपेशी – जिच्यापासून नव्या पेशी तयार होतात अशी पेशी
जनुक – पेशीतील आनुवंशिक गुणांचा घटक
संप्रेरक – शरीरात स्रवणारे, शरीराच्या कामांवर ताबा ठेवणारे द्रव्य
पक्व – पूर्ण वाढलेले
वंश खुंटणे – पुढची पिढी न राहणे

स्वाध्याय
1. शेतकरी बियाण्याला हात का लावत नाही?
2. लेखकाने ‘दोन सख्ख्या बहिणी’ कोणाला म्हटले आहे? का?
3. संप्रेरक कमी झाल्यावर किड्यात कोणते बदल होतात?
4. ‘हात न लावणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.