चिनी शिकायचीय? पैसे कानासाठी मोजा

जळगावच्या एमआयडीसीत बसून चिनी मशीनवाल्याशी थेट भाव करायचा असेल, तर पहिले दोन शब्द शिका : ‘माइ’ आणि ‘माइ’. आवाज खाली दाबून पुन्हा वर उचलला, तर विकत घेणं; वरून झटक्यात खाली टाकला, तर विकणं. आपणही ‘हो?’ आणि ‘हो!’ वेगळ्या सुरात म्हणतो, पण शब्द तोच राहतो. मँडरिनमध्ये शब्दच बदलतो. तिथे मुख्य सूर ४, थाईत ५, हनोईकडच्या व्हिएतनामीत ६. जपानी-कोरियनला असे सूर नाहीत, त्यामुळे तिथे पुस्तक आणि ॲपवर बरीच मजल मारता येते. मँडरिनला मात्र चूक जागच्या जागी पकडणारा माणूस लागतोच.

म्हणून क्लासची नुसती फी विचारू नका. बोलायला किती मिनिटं मिळतील, ते विचारा. समजा, ३० तासांचे ६,००० रुपये आणि वर्गात २० जण. तुमच्या वाट्याला फार तर ९० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ६७ रुपये. एकट्याची ऑनलाइन शिकवणी तासाला ५०० रुपयांची असली आणि त्यात अर्धा तास तुम्ही बोललात, तर मिनिटाला १७. महाग वाटणारी शिकवणीच स्वस्त पडते. आठवड्याला २ तास धरले तर १२ आठवड्यांचे १२,००० रुपये. सूर बसवायला एवढं करा. त्यासाठी धुळ्याहून पुण्याला जाऊन खोली घेऊ नका.

शब्दांवर पैसे घालवू नका. प्लेको हा शब्दकोश फोनवर फुकट मिळतो, लिपी गिरवायला चौकटीची वही पुरते.

उच्चारांत तर आपण मराठी माणसं आधीच पुढे आहोत. चिनी शब्द रोमन लिपीत लिहिले की ‘बी’ म्हणजे आपला प, ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ. ‘झेड’ म्हणजे चाकातला च आणि ‘जे’ म्हणजे जवळपास चहातला च. चहा हा शब्दही मुळात तिकडचाच!

‘तीन महिन्यांत अस्खलित’ अशी जाहिरात दिसली, तर वर्षाची फी आगाऊ भरू नका. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था कामापुरत्या मँडरिनला सुमारे २,२०० तास धरते. रोज एक तास दिला, तर सहा वर्षं.

डेमोच्या तासाला ‘विकत घ्यायचंय’ म्हणताना मुद्दाम ‘विकायचंय’चा सूर लावा. शिक्षकाने तिथल्या तिथे अडवलं नाही, तर दुसरा शिक्षक शोधा.