टाचेखालची पाचर : घरच्या बैठकांसाठी ॲडजस्टेबल वेज निवडताना



आजचा विषय नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. शारीरिक शिक्षणाचा म्हणावा तर त्यात त्रिकोणमिती आहे, आणि गणिताचा म्हणावा तर गुडघे आणि पोटऱ्या आहेत. पण विषय डोक्यात आला तो वर्गातल्याच एका प्रसंगामुळे, म्हणून आधी तो सांगतो.

मागच्या वर्षी शा.शि.च्या एका तासाला मी बदली शिक्षक म्हणून मैदानावर गेलो होतो. आठवीचा वर्ग. बैठका चालू होत्या. एक मुलगा दर वेळी खाली जाताना टाचा उचलत होता. मी तीनदा ओरडलो, "टाचा टेकव रे!" चौथ्या वेळी त्याने खरंच टाचा टेकवल्या आणि सरळ मागे जाऊन बुडावर आपटला. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. संध्याकाळी घरी सहज म्हणून मी स्वतः टाचा टेकवून पूर्ण खाली बसायला गेलो आणि पलंगाचा कठडा धरावा लागला. ज्याला मी आळशी ठरवलं होतं, त्याच्यात आणि माझ्यात एकच गोष्ट सारखी होती. ती म्हणजे आखडलेला घोटा.

खाली बसताना गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने पुढे जावा लागतो. त्यासाठी नडगी पुढे कलली पाहिजे, म्हणजे घोटा वाकला पाहिजे. पोटरीचे स्नायू किंवा घोट्याचा सांधा आखडलेला असेल तर नडगी अर्ध्यावर अडते. मग शरीरापुढे तीनच वाटा उरतात: टाच उचलणे, कंबरेतून खूप पुढे वाकणे, नाहीतर मागे पडणे. टाचेखाली उतार दिला की नडगीला तेवढी जास्तीची जागा मिळते, पाठ सरळ राहते आणि माणूस खोल बसू शकतो. वेजचं काम एवढंच. मराठीत याला पाचर म्हणायला हरकत नाही. (दुसऱ्याच्या कामात मारायची ती पाचर वेगळी!)

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. टाच उचलणं हीच मुळात चूक आहे असं नाही. आखाड्यातल्या पारंपरिक बैठकांमध्ये पैलवान खाली जाताना चवड्यांवरच येतात. पण खांद्यावर वजन घेऊन, किंवा हातात डंबेल धरून सावकाश बैठक मारायची असेल तर चवड्यांवर तोल सांभाळणं अवघड जातं. वेटलिफ्टर मंडळींचे बूट कधी नीट पाहिलेत का? आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवलं, त्या खेळातले बूट टाचेला कडक आणि उंच असतात. ही उंची साधारण २ सेंटिमीटर असते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खरेदीच्या आधी एक चाचणी करा. अनवाणी, भिंतीकडे तोंड करून उभे राहा. एक पाय पुढे ठेवा आणि टाच जमिनीवरून न उचलता गुडघा भिंतीला लावून पाहा. लागला तर पाय थोडा मागे सरकवा, पुन्हा लावा. गुडघा जेमतेम टेकतो आणि टाचही टेकलेली राहते, अशा शेवटच्या जागी अंगठा ते भिंत हे अंतर पट्टीने मोजा. दोन्ही पायांचं वेगवेगळं मोजा. साधारण १० सेंटिमीटर किंवा जास्त आलं तर बहुतेकांच्या बाबतीत घोटा हा अडथळा नसतो. ५-६ च्या आसपास किंवा त्याहून कमी आलं तर वेजचा फरक लगेच जाणवेल. माझं उजवं ७ आलं, डावं ५. डावा पाय पूर्वी एकदा मुरगळला होता, त्याची ही शिल्लक.

दुसरी चाचणी त्याहून सोपी. दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची न हलणारी फळी टाचांखाली घ्या आणि काहीतरी पक्कं धरून खाली बसून पाहा. बैठक एकदम सुधारली तर दोष घोट्याचा. काहीच फरक पडला नाही तर अडचण खुब्यात, ताकदीत किंवा सवयीत आहे, तेव्हा पैसे खर्च करू नका. आणि हो, फळीऐवजी पुस्तकं नकोत. जाड शब्दकोश टाचेखाली घेऊन मी हा प्रयोग केला आहे. पुठ्ठा सरकतो, आणि शब्दकोशाचीही बांधणी जाते.

आता वेजकडे वळू. बाजारात तीन तऱ्हा दिसतात. एका ठरावीक कोनाचे भरीव तुकडे, एकावर एक रचता येणारे रबराचे किंवा फोमचे थर, आणि बिजागरी असलेली फळी, जिच्या मागचा टेकू वेगवेगळ्या खाचांत अडकवून कोन बदलता येतो. आपण बोलतोय ते मुख्यतः तिसऱ्या प्रकाराबद्दल. त्यातही बऱ्याच फळ्या पोटरी ताणण्यासाठी बनवलेल्या असतात. त्यांवर चवडा वर आणि टाच खाली ठेवून उभं राहायचं असतं. बैठकांसाठी उलटं हवं, टाच उंच बाजूला. फळी तीच वापरता येते, पण पाय उलटे ठेवल्यावरही ती पुढे घसरत किंवा कलंडत नाही ना, हे बघायला हवं. जाहिरातीतला फोटो बहुधा पोटरी ताणतानाचाच असतो.

सगळ्यात मोठी गफलत कोनाची होते. विक्रेता सांगतो, "जास्तीत जास्त ३० अंश!" आणि आपल्याला वाटतं, जास्त म्हणजे चांगलं. दहावीच्या गणित भाग २ मधली त्रिकोणमिती इथे कामाला येते. टाचेची उंची म्हणजे फळीची तिरकी लांबी गुणिले कोनाचा साइन. फळी २४ सेंटिमीटर लांब धरली तर ५ अंशाला टाच २.१ सेंटिमीटर उचलली जाते, १० अंशाला ४.२, १५ ला ६.२, २० ला ८.२ आणि ३० अंशाला तब्बल १२ सेंटिमीटर. बारा सेंटिमीटर म्हणजे उंच टाचेच्या सँडलपेक्षाही जास्त. उलट, वेटलिफ्टरच्या बुटाची २ सेंटिमीटर टाच घ्या. टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर १८ सेंटिमीटर धरलं तर २ भागिले १८ म्हणजे ०.११, आणि कोन येतो फक्त ६ अंशांच्या जवळपास! इतकी वजनं उचलणाऱ्यांचं काम ६ अंशांत भागतं, तर आपल्याला तीसची गरज कशाला? म्हणून वेज निवडताना सर्वांत वरची खाच पाहू नका, सर्वांत खालची पाहा. ५ अंशांपासून सुरुवात होणारी आणि १०, १५ अशा लहान टप्प्यांनी वाढणारी फळी घ्या. सुरुवातच १५ ला असेल तर ती नावालाच ॲडजस्टेबल.

हाच हिशेब मी नंतर दहावीच्या वर्गात दिला. मुलांनी कंपासपेटीतला कोनमापक घेऊन फळीचे सगळे कोन मोजले, तर एका खाचेवर छापलेला आकडा आणि मोजलेला कोन यांत चक्क ३ अंशांचा फरक निघाला. घरी आणल्यावर तुम्हीही मोजा. जोडी असेल तर दोन्हींचे कोन सारखे आहेत ना, हे नक्की पाहा. नाहीतर रोज एक टाच जास्त उंच ठेवून बैठका होत राहतील.

लांबीचाही विचार करा. फळी आखूड असेल आणि फक्त टाचच तिच्यावर येत असेल, चवडा जमिनीवर असेल, तर पायाला मिळणारा कोन फळीच्या कोनाइतका नसतो. शिवाय तळव्याचा मधला भाग अधांतरी राहतो. चालतं, पण नवख्या माणसाला पूर्ण पाऊल मावणारी फळीच स्थिर वाटते. आपलं पाऊल मोजा, मग फळीची लांबी विचारा.

एकच रुंद फळी की दोन सुटे वेज? माझं मत सुट्या जोडीच्या बाजूने आहे. प्रत्येकाची पाय फाकवण्याची रुंदी वेगळी असते, चवडे थोडे बाहेर वळवावे लागतात, आणि सुटे वेज तसे वळवून ठेवता येतात. एका फळीवर जेवढी रुंदी तेवढ्यातच उभं राहावं लागतं. घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस वापरणार असेल तर मात्र रुंद फळी बरी, कारण तिच्यावर चढताना-उतरताना तोल कमी जातो.

मजबुतीबद्दल थोडक्यात: प्लायवुड किंवा कडक रबर चांगलं. मऊ फोम वजनाखाली दबतो, मग कोनही बदलतो आणि पाय डगमगतो. वजनक्षमता पाहताना स्वतःचं वजन अधिक हातातलं वजन धरा आणि त्यावर भरपूर माया ठेवा. आकडा एका वेजचा आहे की जोडीचा, हेही विचारा. बिजागरी हाताने हलवून पाहा, खडखडली तर नको. तळाला रबर हवंच, आपल्या घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर नुसतं लाकूड घसरतं. वरच्या बाजूला सँडपेपरसारखी खरखरीत पट्टी असेल तर अनवाणी पायांना टोचते, तेव्हा बूट घालणार की नाही ते आधी ठरवा. ठरावीक कोनाची जोडी चालणार असेल तर ओळखीच्या सुताराकडून करून घेणं स्वस्त पडतं. त्याला अंशांत सांगू नका, उंची सेंटिमीटरमध्ये काढून द्या.

पालकांसाठी एक सावधगिरीची गोष्ट. टाच उचलली की गुडघा जास्त पुढे जातो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर, पर्यायाने गुडघ्यावर, भार वाढतो. ज्यांची गुडघ्याची वाटी आधीच दुखते त्यांनी फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय वेज वापरू नये. साधारण १० ते १५ वयाच्या, भराभर उंची वाढणाऱ्या आणि खूप खेळणाऱ्या मुलांना गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाशी दुखरा उंचवटा येतो. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. अशा मुलाला वेजवर बैठका मारायला लावणं म्हणजे दुखऱ्या जागेवर आणखी ओढ देणं. मूल दुखतं म्हणालं तर थांबवा. निरोगी मुलांनाही या वयात वेजवर वजनाशिवायच बैठका द्या.

वापरताना ज्या सर्वांत कमी कोनावर टाच न उचलता, पाठ न वाकवता खाली बसता येतं, तो आपला कोन. तिथून सुरुवात करायची, सोबत रोज पोटऱ्या ताणायच्या, आणि काही आठवड्यांनी भिंतीची चाचणी पुन्हा करून जमलं तर एक खाच खाली यायचं. सगळ्यांचा कोन शून्यावर येतोच असं नाही. काहींच्या घोट्याची हाडांची ठेवणच तशी असते, त्यांनी ५ अंशांवर आयुष्यभर बैठका मारल्या तरी काही बिघडत नाही.

त्या आठवीच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी भेटलो. हसल्याबद्दल सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "असू द्या सर." भिंतीवर मोजलं तर दोन्ही पायांचं ४ सेंटिमीटर आलं. शाळेच्या सुतारकामातल्या फळीचे दोन तुकडे त्याच्या टाचांखाली दिले, आणि तो सगळ्या वर्गासमोर पूर्ण खाली बसला, काहीही न धरता. आता शा.शि.च्या सामानाच्या कपाटात चेंडूंच्या जाळीशेजारी ते तुकडे असतात. त्या वर्गातली आणखी पाच मुलं ते मागून नेतात.