जरी, तरी आणि ऑल्दो

मुलुंड (पूर्व)

चि. मुग्धा हिस,


तू पाठवलेल्या दोन्ही मेल काल रात्री नीट वाचल्या. मावशीला दाखवाव्यात असं तुला वाटलं, याचा फार आनंद झाला. मराठी शाळेतून आलेली कितीतरी मुलं अंधेरीच्या ऑफिसांत पहिलं वर्ष चुका लपवण्यात घालवतात. तू तसं करत नाहीस, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

पहिलंच वाक्य घे. ‘ऑल्दो द ट्रेन्स वेअर लेट, बट आय रीच्ड ऑन टाइम.’ यातला ‘बट’ खोडून टाक. तिथे स्वल्पविराम पुरतो.

तो ‘बट’ का आला हे मला कळतं. आपल्याकडे जरी आणि तरी जोडीने येतात. जरी ऐकलं की कान तरीची वाट बघतो, आणि ती सवय तुझ्या हाताने इंग्रजीत उतरवली. इंग्रजीतला ऑल्दो मात्र एकटाच येतो. शाळेतली उभयान्वयी अव्ययं आठव. ‘पण’, ‘परंतु’ ही प्रधानत्वसूचक, दोन बरोबरीची वाक्यं जोडणारी. ‘जरी-तरी’ गौणत्वसूचक, एका वाक्याला दुसऱ्याच्या आधाराने उभं करणारी. इंग्रजीतही तेच आहे: बट पहिल्या घरातला, ऑल्दो दुसऱ्या. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, ते इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून. त्या साच्यावरून पुढे वाद झाले, पण इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला त्याचा उपयोगच होतो. आपल्या व्याकरणातली खूण तिकडेही सापडते.

आणि खरं सांगू? ‘जरी गाड्या उशिरा होत्या, पण मी वेळेवर पोचले’ हे मराठीतही चुकीचंच आहे. तुझ्या आजीच्या कानाला ते लगेच खटकलं असतं. हिंदीत ‘हालाँकि’च्या मागून ‘लेकिन’ चालतं. बोरिवली लोकलमध्ये रोज तेच कानावर पडतं, त्यामुळे आपल्याला आता खटकत नाही इतकंच. मराठी नीट ऐकलीस तर निम्मी इंग्रजी आपोआप सुधारेल, हे मी शाळेत इतकी वर्षं शिकवून सांगते आहे.

‘डिस्पाइट’चंही तसंच. तू ‘डिस्पाइट इट वॉज रेनिंग’ लिहिलं आहेस. मनात मराठी वाक्य ‘पाऊस असूनही’ असं आलं तर ‘डिस्पाइट द रेन’ लिही, म्हणजे पुढे नुसतं नाम. ‘जरी पाऊस पडत होता’ असं आलं तर ऑल्दो. आणि ‘ऑफ’ फक्त ‘इन स्पाइट’ला लागतो, डिस्पाइटला नाही.

आता दुसरी मेल, जिच्यावरून ग्राहकाचा घाबरून फोन आला म्हणालीस. तुला म्हणायचं होतं, सर्व्हर बंद पडला तरी तुमचा डेटा सुरक्षित राहील. तू लिहिलंस ‘इव्हन दो द सर्व्हर इज डाउन’. त्याने वाचलं की सर्व्हर आत्ता बंद आहे. तिथे ‘इव्हन इफ’ हवं होतं. ही चूक हुशार मुलंही करतात आणि तिचं मूळ आपल्या भाषेच्या काटकसरीत आहे. ‘पाऊस पडला तरी येईन’ आणि ‘पाऊस पडला तरी आले’ यांत ‘पडला तरी’ अगदी एकच आहे. पाऊस खरोखर पडला की नुसता कल्पनेतला, हे आपल्याला शेवटच्या क्रियापदावरून कळतं. इंग्रजीला ते आधीच सांगावं लागतं: घडलेल्याला किंवा घडत असलेल्याला इव्हन दो, घडेल-न-घडेल अशाला इव्हन इफ. लिहिण्याआधी स्वतःला एवढंच विचार, हे झालंय का होईल?

आता वाक्यातल्या क्रमाबद्दल. आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट चालू आहे, ते तुला ठाऊकच आहे. बिल्डरला द्यायच्या पत्रात कमिटीने लिहिलं होतं, ‘पझेशन इज डिलेड, ऑल्दो यू हॅव पेड द रेंट.’ व्याकरण अगदी बरोबर, पण वाचणाऱ्याच्या मनात शेवटी काय उरतं? भाडं मिळालं, म्हणजे फार तक्रार नाही. मी दोन्ही तुकड्यांची अदलाबदल केली. भाडं ऑल्दोच्या पोटात आधी गेलं आणि घराचा ताबा रखडल्याचं वाक्याच्या शेवटी आलं. शब्द तेच राहिले, पण पत्राला दम आला. समोरच्याचं मान्य करायचं ते आधी आणि थोडक्यात कर. ज्यासाठी पत्र लिहितेस, ते शेवटी ठेव.

‘हाउएव्हर’ तू फार वापरतेस. एका पानात चार आहेत. दोन वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडून मध्ये हाउएव्हर ठेवता येत नाही. आधी पूर्णविराम दे, मग हाउएव्हर, त्यापुढे स्वल्पविराम. त्याची चाल आपल्या ‘मात्र’सारखी आहे. मात्रही वाक्यागणिक आला तर कान किटतात. साध्या मेलमध्ये ‘बट’ने भागतं. तीन अक्षरांचा शब्द लिहिला म्हणून कुणी तुला कमी शिकलेली समजणार नाही, आणि समजलंच तर त्याची पर्वा करू नकोस.

चुकांवर लाल पेनने खुणा केल्या आहेत, फोटो सोबत पाठवते. त्या वाचून दोन्ही मेल पुन्हा स्वतः लिही. मी लिहून देणार नाही. रविवारी इकडे ये आणि लिहिलेलं घेऊन ये.

तुझी,
मावशी